तास सत्तावन्न, हजेरी शून्य

जगात हजर असणं ही माणसाची सर्वांत मोठी कामगिरी आहे. विद्या, कीर्ती, शाल, श्रीफळ हे सगळं त्यानंतर येतं. ही कामगिरी मी कॉलेजच्या पहिल्या वर्षी, तर्कशास्त्राच्या तासाला, एकदाही न चुकता सत्तावन्न वेळा पार पाडली, आणि कॉलेजच्या दप्तरी तिची नोंद शून्य अशी झाली.

"शून्य?" नोटीस बोर्डाच्या काचेला नाक लावून सर्जेराव मोहिते ओरडला. "मर्दा, ह्यो आकडा सगळ्या बोर्डावर दुसऱ्या कुणाचाच न्हाई. नंबर एकशे सत्तावीस. तास सत्तावन्न. हजेरी शून्य. तूच न्हवं?"

मी मान हलवली. त्या वर्षी मी बहुतेक गोष्टी मानेनंच सांगत असे.

सर्जेराव माझा होस्टेलच्या खोलीतला जोडीदार. कागलकडचा. तालमीत घुमून कान चपटे झालेला आणि मन त्याच मानाने मोठं. त्याचं बोट स्वतःच्या नंबरावर गेलं.

"मी बघ, जूनपासनं धा-बारा येळंला गेलो असंन. माझी एक्कावन्न लागल्यात."

यात जादू नव्हती, पद्धत होती. तालमीतल्या पाच जणांनी तासाच्या पाळ्या लावून घेतल्या होत्या. ज्याची पाळी, त्यानं वर्गात बसायचं आणि पाचही नंबरांना ओ द्यायची. पहिली साध्या आवाजात, दुसरी नाकातून, तिसरी खोकत, चौथी बायकी, पाचवी झोपेत असल्यासारखी. सर्जेरावाची पाळी मंगळवारची.

"पण एक सांग," तो म्हणाला, "दर मंगळवारी मी असतोय की वर्गात. तू कुटं असतोस?"

"तुझ्या पुढच्या बाकावर."

"कवापासनं?"

"जूनपासनं."

त्यानं मला खांद्याला धरून उलटं फिरवलं आणि माझ्या मानेकडे बघितलं.

"आयला! ह्यो तीळ तुझा व्हय? चार म्हैनं मी ह्या तिळावर नजर ठेवून पाच जणांची हजेरी दिली की रं!"

आता शून्य कसं झालं ते सांगतो. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी हजेरी घेताना वर बघत. पोर दिसलं की खूण, न दिसलं की फुली. कधीकधी न दिसलेलं पोर समोरच्या चिंचेवर दिसे, तर तेही मांडत. माणूस समोर बसलेला असताना त्यानं पुन्हा तोंडानं आपण असल्याचं कळवायचं, ही शहरी रीत मला माहीत नव्हती. पहिल्या दिवशी 'एकशे सत्तावीस' आलं तेव्हा मी तोंड उघडलं. आवाज आला तो दाराची बिजागरी वाजावी तसा. एकशे चाळीस जण हसले. दुसऱ्या दिवशी मी तोंड उघडलं नाही. मनाशी म्हटलं, दुसऱ्या बाकावर बसलोय, सरांना दिसत असणारच.

सर म्हणजे प्राध्यापक उकिडवे. जाड भिंगांचा चष्मा, करड्या रंगाचा कोट, आणि नजर कायम रजिस्टरात, नाहीतर पुस्तकात, नाहीतर टेबलाच्या कोपऱ्यात. वर्गाकडे त्यांनी कधी बघितल्याचं कुणाला आठवत नव्हतं. चार महिने मी त्यांच्यासमोर सात फुटांवर बसलो, आणि चार महिने ते शांतपणे माझ्यापुढे फुली मारत राहिले.

ऑफिसातले क्लार्क म्हणाले, "परीक्षेचा फॉर्म अडवलाय. पालकांना घेऊन उकिडवे सरांना भेट. पुढच्या शनिवारच्या आत."

नाहीतर काय, हे मी विचारलं नाही. माझ्या गप्प राहण्यालाच त्यांनी उत्तर दिलं. "नाहीतर वर्ष गेलं. खोली रिकामी कर आणि गावाला जा."

गावाला जा म्हणजे कुठे जा, ते मला पक्कं ठाऊक होतं. गारगोटीच्या पुढे, डोंगराच्या पोटात आमचं गाव. माझे वडील गावचे कोतवाल. गावात दवंडी तेच देत. हलगी बडवत चावडीपासून निघायचे आणि 'ऐका हो ऐका' म्हणाले की खालच्या ओढ्याकाठची म्हैससुद्धा चरायची थांबायची. आजोबांनंतर ती हलगी आबांच्या गळ्यात आली. आबांनंतर माझ्या गळ्यात यायची. ज्याला वर्गात दोन अक्षरं उच्चारता येत नव्हती, त्याला उद्या साऱ्या गावाला ओरडून सांगायचं होतं की तलाठी आलेत, देवी टोचून घ्या. हे होऊ नये म्हणून तर आबांनी मला कोल्हापूरला धाडलं होतं. निघताना त्यांनी हलगीकडे बोट केलं होतं. "ही हितंच खुंटीला ऱ्हाऊ दे. तू बुकं बडीव."

मी पत्र टाकलं. सोमवारी सकाळच्या गाडीनं आबा आले. डोक्याला पटका, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी, आणि हजामत करताना गालाला नवी पडलेली चीर.

सर्जेरावाला आबांच्या आवाजाची कीर्ती मी सांगितलेली होती. तो हरखला. "आबा, काय बोलू नगासा. दारात हुबं ऱ्हायाचं आणि येक दवंडी द्यायची. सर टेबलाखाली गेलंच म्हणून समजा!"

आबा म्हणाले, "बाळ, जरा पाणी दे."

प्राध्यापकांच्या खोलीत त्या वेळी उकिडवे सर एकटेच होते. आम्ही दारात उभे राहिलो. मी बोलत नव्हतो, कारण मी बोलत नसे. आबा बोलत नव्हते, याचं मला नवल वाटलं. शेवटी सरच रजिस्टराला म्हणाले, "या."

आम्ही आत गेलो. सरांनी मान वर केली नाही.

"नंबर?"

मी बोटानं रजिस्टरात दाखवला. सरांनी त्या बोटाकडे बघितलं.

"अर्थात, तर्कशास्त्रात दोनच शक्यता असतात," सर बोटाला म्हणाले. "मनुष्य हजर असतो अथवा गैरहजर असतो. तिसरी शक्यता नाही. अर्थात, रजिस्टर म्हणतं, गैरहजर."

मी आबांकडे बघितलं. आता गर्जना होणार. आबांनी पटका काढून हातात घेतला होता आणि त्याचं टोक ते दोन बोटांत पिळत होते. कपाळावर घामाचे थेंब होते. मी असे थेंब ओळखत होतो. रोज अकरा वाजता ते माझ्या कपाळावर येत.

"सायेब," आबा म्हणाले. जेमतेम ऐकू येईल इतकंच. "पोरगं वर्गात बसतंय म्हणतंय."

"पुरावा?"

पुरावा होता. माझ्या पिशवीत होता, आणि मी ती पिशवी छातीशी धरून उभा होतो.

झालं होतं असं की, ज्याला बोलता येत नाही त्याला लिहिण्यावाचून दुसरा उद्योग उरत नाही. तर्कशास्त्राची माझी वही तारीखवार होती. सत्तावन्न तास, सत्तावन्न तारखा. उजवीकडे सर काय शिकवतात ते. डावीकडच्या समासात सर काय करतात ते. समास दिवसेंदिवस रुंद होत गेला होता. सप्टेंबरात तर तर्कशास्त्रच समासात गेलं होतं.

ती वही दिली तर मी हजर होतो हे सिद्ध होणार होतं, आणि हजर राहून मी काय केलं तेही. न दिली तर हलगी.

"काय हाय पिशवीत?" आबांनी विचारलं.

"वही."

"मग दे की सायबास्नी. अक्षर चांगलं हाय पोराचं," आबा सरांना म्हणाले. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. त्यामुळे माझ्या अक्षराबद्दल त्यांचं मत फार उच्च होतं.

मी वही टेबलावर ठेवली आणि खोलीला दुसरं दार आहे का ते बघून घेतलं. नव्हतं.

सरांनी पहिलं पान उघडलं. वाचलं. दुसरं उघडलं. मग वही चष्म्याजवळ नेली आणि सावकाश, वर्गात वाचतात त्याच सुरात वाचू लागले.

"'सव्वीस जून. अर्थात एकेचाळीस वेळा. सत्तावीस जून. अर्थात अडतीस वेळा. आज सरांनी सॉक्रेटिसला पुन्हा मारलं. आठवड्याभरात सहावी वेळ. सर्व माणसं मर्त्य आहेत, सॉक्रेटिस माणूस आहे, म्हणून सॉक्रेटिस मर्त्य आहे. एवढी माणसं असताना सर त्याच्याच मागे का लागलेत कळत नाही.'"

माझ्या पायाखालची फरशी गार लागू लागली.

"'नऊ जुलै. सरांनी खडू समजून सिगारेट फळ्यावर घासली. मग सिगारेट समजून खडू खिशात ठेवला. तर्क बरोबर, विधानं असत्य.'"

"चांगलं लिवलंय न्हवं?" आबांनी विचारलं.

"उदाहरण अचूक आहे," सर म्हणाले.

ते पान उलटत राहिले. एकदा त्यांच्या नाकातून काहीतरी आवाज आला. तो मला ओळखता आला नाही, कारण सरांना हसताना आम्ही कधी ऐकलेलं नव्हतं. मग एका पानावर ते थांबले. ते त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही. बराच वेळ त्यांचं बोट त्या समासावरून हललं नाही.

ते पान कुठलं, हे मला उभ्या जागेवरून कळत होतं. त्यातला मजकूर अजून पाठ आहे.

'चोवीस ऑगस्ट. आज सरांच्या शर्टाची बटणं एक घर चुकून लागली आहेत. अर्थात फक्त चार. सर्व माणसं मर्त्य आहेत असं म्हणाले आणि पुढचं वाक्य बोललेच नाहीत. खिडकीकडे बघत राहिले. मुलांना वाटलं तास संपला. मुलं निघून गेली. सर उभेच होते. सरांच्या घरी काहीतरी झालं आहे. कुणीतरी विचारायला पाहिजे. मी विचारणार होतो.'

सरांनी चष्मा काढला.

"माझी थोरली बहीण," ते म्हणाले. "बावीस तारखेला गेली. मला तिनंच वाढवलं. घरात आम्ही दोघंच. सकाळी शर्ट ती काढून ठेवायची." त्यांनी काढलेला चष्मा वहीवर ठेवला. "कॉलेजात कुणाला सांगितलं नाही. दोनदा प्राचार्यांच्या दारापर्यंत गेलो. सांगायला जमलं नाही."

कोपऱ्यातला पंखा कुरकुरत होता. आबा पुढे झाले आणि त्यांनी भाकरीचं फडकं टेबलावर ठेवलं. का ठेवलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आमच्याकडे कुणाचं माणूस गेलं की हातात काहीतरी घेऊन जातात.

"आणि वर्गात एवढी पोरं," सर म्हणाले, "मला वाटलं, कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही."

मग त्यांनी वर बघितलं. माझ्याकडे. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे बारीक आणि पाणीदार होते. त्या डोळ्यांना त्या क्षणी मी पुसटच दिसत असणार, पण दिसलो.

"तू तोंडानं ओ का देत नाहीस?"

"भीती वाटते, सर." चार महिन्यांत त्यांच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य.

"कशाची?"

"सगळे बघतात."

"हं," सर म्हणाले. "मी वर का बघत नाही, असं तुला वाटतं? एकशे चाळीस चेहरे असतात. एकवीस वर्षं शिकवतोय. पहिल्या वर्षी वाटलं, पुढच्या वर्षी धीर होईल." त्यांनी चष्मा पुसला. "बघत नाही म्हणजे ऐकू येत नाही असं नव्हे. दर मंगळवारी एक मुलगा पाच आवाज काढतो. त्यातला चौथा बरा जमतो त्याला."

"सायेब," आबा एकदम म्हणाले, "म्या दवंडी देतो गावात. सव्वीस वरसं झाली."

"अस्सं?"

"पोराला वाटतं, बा लई धीराचा. त्येला कवा सांगितलं न्हाई." आबांनी पटक्याचं टोक सोडलं आणि परत धरलं. "हलगी वाजिवतो ती लोकं गोळा व्हावीत म्हणून न्हाई, सायेब. हितलं धडधडतंय ते माझं मलाच ऐकू येऊ नये म्हणून वाजिवतो."

त्यांनी छातीवर हात ठेवला होता. अठरा वर्षं मी त्या हलगीमागून चाललो होतो आणि मला वाटत होतं, मी कुणावर गेलो हे देवालाच ठाऊक.

"मग बोलता कसं?" सरांनी विचारलं. ते विद्यार्थ्यासारखं विचारत होते.

"समद्या गावाला सांगतच न्हाई. एकालाच सांगायचं. चावडीजवळ ह्येची आई पाण्याला निघालेली असायची. म्या तिलाच सांगायचो, 'अगं, तलाठी आल्यात.' बाकीच्यांनी आपलं ऐकायचं."

सरांनी दौतीत टाक बुडवला. माझ्या वहीतली एकेक तारीख वाचून त्यांनी माझ्यापुढची एकेक फुली खोडली आणि प्रत्येक ठिकाणी सही केली. सत्तावन्न सह्या. पस्तिसाव्या सहीनंतर त्यांनी फडकं सोडून भाकरीचा तुकडा मोडला.

"उद्या मात्र तू बोलायचं," रजिस्टर मिटत ते म्हणाले. "ह्या सह्या तुझ्या शब्दावर आहेत, आणि तुझा शब्द अजून वर्गात कुणी ऐकलेला नाही. प्राचार्यांनी मला विचारलं, तर एकशे सत्तावीस नंबर कसा बोलतो ते मला सांगता आलं पाहिजे. एकशे सत्तावीस म्हणताना मी वर बघेन. तू मला सांग. बाकीच्यांनी ऐकायचं."

"सर, तुम्ही वर बघाल?"

"अर्थात," ते म्हणाले, आणि मग थोडे घाबरलेले दिसले.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. आबांची गाडी साडेअकराची होती. अकराला ते मैदानापलीकडच्या नळाजवळ, फडकं खांद्यावर टाकून उभे होते. आमच्या वर्गाच्या खिडकीतून नळ दिसे. माझ्या मागच्या बाकावर सर्जेराव घसा साफ करत होता.

"एकशे बावीस." "एकशे तेवीस." कपाळावर थेंब आले. "एकशे पंचवीस." छातीत हलगी सुरू झाली. ती काय आहे, हे आता मला ठाऊक होतं. ती घरचीच होती.

"एकशे सत्तावीस."

आणि उकिडवे सरांनी मान वर केली.

वर्ग एकदम चिडीचूप झाला. पुढच्या बाकावरच्या दोघांनी तर भीतीनं अंग मागे घेतलं. सर सगळ्यांकडे बघत नव्हते. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून ते एकाकडेच बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं, मग खिडकीतून नळाकडे. मी उभा राहिलो. कुणाला सांगितलं, सरांना की आबांना, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

"हजर हाय होऽऽ!"

काचा थरथरल्या. शेजारच्या वर्गातलं शिकवणं थांबलं. व्हरांड्यातला शिपाई हातातली घंटा घेऊन दारात धावत आला. मैदानापलीकडे, नळाजवळ, आबांनी खांद्यावरचं फडकं काढून एकदाच हवेत हलवलं आणि ते स्टँडच्या वाटेला लागले.

कुणी हसलं नाही. मला वाटतं, हसायचं त्यांना सुचलंच नाही.

"अर्थात," सर म्हणाले. त्यांनी रजिस्टरात मांडलं, आणि खाली बघायच्या आधी, अगदी चोरून, आणखी दोन-तीन चेहऱ्यांकडे बघून घेतलं.

मी बसलो. समासात तारीख घातली आणि लिहिलं, 'अर्थात एक.' पुढे काय लिहावं ते सुचेना. डोळ्यांपुढचं अक्षर ओलं दिसू लागलं होतं.

तेवढ्यात माझ्या मानेवरच्या तिळावर कुणीतरी बोटानं टकटक केलं. सर्जेरावाचा श्वास कानाशी आला.

"भैरू, मर्दा," तो म्हणाला, "काय आवाज हाय रं! फुडल्या मंगळवारी मला कुस्त्या बघाय जायाचंय. माझी आणि त्या चौघांची तेवढी देशील?"